वसाहतीत फसवणूक रोखायला इशारे पुरत नाहीत, मग नेमकं काय बसवावं?

कोपऱ्यावरचं_घर (धागाकर्ता)

१४० घरांची वसाहत आहे. पन्नासेक घरांत फक्त ज्येष्ठ मंडळी, त्यातली काही अगदी एकटी. सध्याची व्यवस्था म्हणजे एक मोठा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, गेटवर पाळीपाळीने एकेक पहारेकरी, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही आणि सहा कॅमेरे.

खरी अडचण ग्रुपची आहे. दिवसाला आठ-दहा इशारे येऊन पडतात, 'नवीन प्रकारची फसवणूक, सर्वांना पाठवा' छापाचे. त्यातले बरेच शिळे. इशारा वाचून अंगठा दाखवणारी माणसंच पुढच्या आठवड्यात फसतात. समितीला एक साधी, टिकणारी पद्धत हवी आहे.

विचारायचं ते असं: इशाऱ्यांच्या जागी काय ठेवावं? पैसे गेलेच तर पहिल्या तासात कोणत्या क्रमाने काय करायचं (हे छापून घरोघरी द्यायचं आहे)? तपासणी-दुरुस्तीच्या नावाखाली दारात येणाऱ्यांचं काय करावं? आणि कॅमेरे वाढवण्यात अर्थ आहे का? पैसे बेताचे आहेत, तेव्हा कशाचा उपयोग नाही हे सांगितलंत तरी मदतच होईल.

ताळा_जुळवा

इशाऱ्यात कालच्या सोंगाचं वर्णन असतं. आज पार्सल अडकलेलं असतं, उद्या वीज तोडणार असतात, परवा नातवाला अपघात झालेला असतो. सांगाडा मात्र तोच: अधिकाराचा किंवा जवळिकीचा आव, घाई, 'कोणाला सांगू नका', आणि शेवटी पैसे, कोड किंवा अ‍ॅप. फोन चालू असताना माणूस घाबरलेला असतो. अशा वेळी दहा मुद्दे आठवत नाहीत, हाताला लागलेली एखादी सवय तेवढी कामाला येते. म्हणून एकच नियम पाठ करून घ्या: 'मी ठेवतो, मीच लावतो.' फोन ठेवायचा आणि तो ज्याचं नाव सांगत होता त्या बँकेला, कार्यालयाला किंवा नातवाला आपण होऊन फोन करायचा.

आता यातले खाचखळगे.

नंबर कुठून घ्यायचा? कार्डाच्या मागून, पासबुकावरून, जुन्या छापील बिलावरून. आलेल्या मेसेजमधून नाही, आणि इंटरनेटवर शोधूनही नाही. 'ग्राहक सेवा' म्हणून शोधलं की वर येणाऱ्या नंबरांत भामट्यांनी पेरलेले नंबरही असतात. तिथे तर आपणच त्यांना फोन करतो, त्यामुळे संशयसुद्धा येत नाही.

स्क्रीनवर उमटणाऱ्या नावाला किंमत शून्य. नंबर दिसतो तो बनावट करता येतो, आणि नाव दाखवणारी अ‍ॅप्स लोकांनी भरलेली नावं दाखवतात. दहा जणांनी 'बँक मॅनेजर' भरलं की झाला तो बँक मॅनेजर. एसएमएसचंही तसंच. पाठवणाऱ्याच्या नावाची नक्कल झाली की फोन तो मेसेज बँकेच्या खऱ्या मेसेजांच्याच रांगेत नेऊन ठेवतो, कारण फोन फक्त नाव जुळवतो. 'वरचे मेसेज खरे होते, मग हाही खराच' हा गैरसमज तिथून येतो.

लँडलाइन असेल तर आणखी सांभाळा. काही एक्सचेंजवर पलीकडच्याने रिसीव्हर ठेवला नाही तर लाइन काही वेळ जोडलेलीच राहते. तो डायल टोनचा आवाज ऐकवतो, आजी बँकेचा नंबर फिरवतात आणि 'बँक' म्हणून त्याचाच साथीदार बोलतो. लँडलाइनवर आलेल्या फोनची खातरजमा मोबाइलवरून करावी. मोबाइल नसेल तर आधी ओळखीच्या आवाजाच्या कोणाला तरी फोन लावून बघावा.

हे सगळं सांगून उपयोग नाही, तालीम घ्या. खाली हॉलमध्ये वीस मिनिटं. दोघादोघांच्या जोड्या, एक जण भामटा. दुसऱ्याने एकच वाक्य मोठ्याने म्हणायचं: 'मी फोनवर पैशाचं बोलत नाही, ठेवते.' आणि खरोखर ठेवायचा. ऐकायला पोरखेळ वाटेल. पण ज्येष्ठांचा पाय अडकतो तो भिडेत. समोरचा बोलत असताना फोन कापणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. ते वाक्य तोंडातून दोन-तीनदा निघालेलं असलं की वेळेला निघतं.

दुसरी गोष्ट, जोडीदार. प्रत्येक ज्येष्ठाने एक माणूस ठरवायचा, मुलगी, भाऊ, शेजारी, कोणीही. स्वतः ठरवलेल्या रकमेच्या वर काहीही पाठवायचं झालं की आधी त्याला फोन. 'कोणाला सांगू नका', 'व्हिडिओ कॉल बंद करू नका' ही वाक्यं याच माणसाला तोडण्यासाठी असतात. खरं कार्यालय कधी गुपित ठेवायला लावत नाही. आणि घरच्यांपुरता एक परवलीचा शब्द ठरवा. आवाजाची नक्कल आता थोड्याशा रेकॉर्डिंगवरून होते, त्यामुळे 'आवाज तर त्याचाच होता' हा पुरावा राहिलेला नाही. शब्द चॅटवर लिहून ठेवू नका, नाहीतर चॅट हाती लागलं की तोही गेला.

तिसरं, बँकेकडून रोजच्या व्यवहाराची मर्यादा खाली आणून घ्या आणि मोठी शिल्लक फोनला न जोडलेल्या खात्यात ठेवा. बाकी सगळं फसलं तरी नुकसान तेवढ्यावर थांबतं. हे कंटाळवाणं आहे म्हणून कोणी सांगत नाही.

रिकामी_पाकीट

पहिल्या तासाचं लिहितो. क्रम महत्त्वाचा, कारण चोरलेला पैसा एका खात्यात बसून राहत नाही. तो तीन-चार खात्यांत फोडला जातो, मग रोख निघतो किंवा क्रिप्टोत जातो. पुढच्या खात्यात असेपर्यंतच तो गोठवता येतो.

१. ज्या फोनवर अनोळखी अ‍ॅप घेतलं किंवा स्क्रीन दाखवली, त्याचं वाय-फाय आणि डेटा दोन्ही बंद करा. पलीकडचा हात त्याच क्षणी सुटतो.

२. बँकेला फोन दुसऱ्याच्या फोनवरून करा. हे ठळक छापा. काही घातक अ‍ॅप्स बँकेला लावलेला फोन मधेच वळवून भामट्याकडे नेतात आणि स्क्रीनवर बँकेचाच नंबर दाखवतात.

३. बँकेला तीन गोष्टी सांगा: कार्ड आणि ऑनलाइन व्यवहार बंद करा; हे व्यवहार फसवणुकीचे आहेत, तक्रार नोंदवा; आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला रक्कम रोखून धरायला कळवा. तिसरी गोष्ट आपण सांगितली नाही तर ती राहून जाण्याची शक्यता बरीच. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

४. लगेच पोलिसांची सायबर तक्रार. हाताशी हवं ते: प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम, समोरचे नंबर आणि खाती. 'साधारण इतके गेले' एवढ्यावर काही हलत नाही, व्यवहार क्रमांकावर हलतं.

५. पुरावा. चॅट, कॉलची यादी, अ‍ॅपचं नाव यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. रागाच्या भरात चॅट उडवणं आणि फोन रिसेट करणं या दोन चुका नेहमीच्या.

६. पासवर्ड बदलायचे ते स्वच्छ उपकरणावरून, आणि आधी ईमेलचा. बाकी सगळ्यांचे पासवर्ड ईमेलवरून नव्याने घालता येतात, त्यामुळे तो ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळं. पासवर्ड बदलल्यावर 'सर्व उपकरणांवरून लॉग आउट' दाबायलाच हवं, नाहीतर आत बसलेला आतच राहतो.

७. मगच अ‍ॅप काढा. अँड्रॉइडवर मेसेजमधून आलेली एपीके फाइल (अ‍ॅप बसवणारी फाइल) टाकली असेल तर ते अ‍ॅप सहज निघत नाही. 'अनइन्स्टॉल' धूसर दिसतं किंवा दाबलं की स्क्रीन मागे जाते. आधी सेटिंगमध्ये जाऊन त्याची 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' परवानगी काढून घ्यायची. तरी ऐकत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये (म्हणजे बाहेरून घेतलेली अ‍ॅप्स बंद ठेवून) सुरू करून काढायचं. शंका उरली तर पुरावा घेऊन झाल्यावर रिसेट.

फोनची रेंज अचानक पूर्ण गेली आणि त्याच कंपनीच्या शेजाऱ्याची शाबूत आहे, तर कोणीतरी तुमच्या नंबराचं दुसरं सिम काढलं असू शकतं. तेव्हा बँकेबरोबर मोबाइल कंपनीलाही फोन, तोही दुसऱ्याच्या फोनवरून. रेंज यायची वाट बघत रात्र काढू नये.

आणि कार्डाच्या पाठीमागे हे जरूर छापा: फसलेल्या माणसाला काही दिवसांत 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' असा फोन येतो. वकील, अधिकारी, हॅकर, काहीही बनून. फसलेल्यांच्या याद्या भामट्यांमध्ये विकल्या जातात. आधी फी मागितली की समजायचं, तीच टोळी किंवा तिचा गिऱ्हाईक.

कोपऱ्यावरचं_घर

दोघांचेही आभार, हे जवळपास जसंच्या तसं छापता येईल. एक उपप्रश्न: कुरियरवाला म्हणून फोन येतो आणि 'डिलिव्हरी बॉयशी जोडायला' तारांकन-२१ असं काहीतरी डायल करायला सांगतात. त्याने नेमकं होतं काय? दुसरं, फसलेले लोक घरच्यांनाही सांगत नाहीत, समितीला तर नाहीच. मग पहिला तास कुठून हाती लागणार?

तिसरी_रिंग

ते कॉल फॉरवर्डिंग आहे. *२१* किंवा २१*, पुढे एखादा नंबर आणि शेवटी # असं डायल केलं की तुमचे सगळे कॉल त्या नंबरावर वळतात. तुमचा फोन वाजतही नाही. मग तो तुमचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या फोनवर सुरू करतो, 'कोड कॉलवर सांगा' निवडतो आणि सहा आकडी कोड त्याच्या कानात जातो. पुढे तुमच्या नावाने ग्रुपभर 'तातडीने पैसे हवेत, संध्याकाळी देतो'.

तपासायला *#२१# डायल करा. फोन वळवला असेल तर कोणत्या नंबरावर ते दिसतं. फोन लागत नसताना वळवलेला *#६२# ने कळतो, उचलला नाही तर वळवलेला *#६१# ने. सगळं एकदम रद्द करायला ##००२#. (मिस्ड कॉलच्या सूचना किंवा व्हॉइसमेलसाठी कंपनीने स्वतःच वळवलेलं असतं ते दिसलं म्हणून दचकू नका. आणि काही नेटवर्कवर हे कोड चालत नाहीत, तिथे कॉल सेटिंगमधून किंवा कंपनीला सांगून करायचं.)

प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावून घ्या, पिन विसरला तर लागणाऱ्या ईमेलसकट. मग नुसता कोड मिळून भागत नाही. त्याच बैठकीत 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून अनोळखी काही जोडलेलं नाही ना हे पाहा. माणशी तीन मिनिटांचं काम आहे. सुरुवात ग्रुपच्या अ‍ॅडमिनपासून करा. अ‍ॅडमिनचं खातं गेलं की भामट्याच्या हाती अख्खी वसाहत नंबरांसकट जाते.

ओटीपीबद्दलही एक. 'कोणाला सांगू नका' हे सगळ्यांना पाठ आहे, पण मेसेज कोणी पूर्ण वाचत नाही. तो कोड कशासाठी आहे हे बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं: किती रकमेसाठी, कोणाला, की नवीन फोन जोडण्यासाठी. पैसे 'मिळणार' आहेत असं सांगितलं जातंय आणि मेसेजमध्ये 'खात्यातून वजा' आहे, तर विषय संपला.

लाजेचं उत्तर ताळा_जुळवांच्या जोडीदारात आहे. शिवाय समितीने दोन माणसं नेमावीत, त्यात एक तरी बाई हवी, आणि लेखी ठरवावं की नाव ग्रुपवर, बैठकीत, कुठेही येणार नाही. आणि फसलेल्याला पहिलं वाक्य काय बोलायचं हेही ठरवून ठेवा: 'फोन कधी आला होता?' 'असं कसं केलंत?' हा प्रश्न ज्याला एकदा विचारला गेला, तो पुढच्या वेळी सांगत नाही, आणि ते ऐकणारे शेजारीही सांगत नाहीत.

गेटवरची_वही

दाराचं आणि गेटचं माझ्याकडे.

'पाणी तपासायला आलोय' ही जुनी जोडगोळी. एक जण स्वयंपाकघरात नेतो, 'नळ सोडा, पाणी गढूळ येतंय का बघू, मी सांगेपर्यंत बंद करू नका'. नळाच्या आवाजात दुसरा मागून आत शिरतो आणि झोपण्याच्या खोलीत कपाट उघडतो. पाच मिनिटांत काम होतं, आणि घरच्यांना चोरी झाल्याचं कधीकधी चार दिवसांनी कळतं. म्हणून नियम: आधी वेळ न घेता आलेला कोणीही घरात नाही, आणि एका वेळी एकच माणूस आत.

ओळखपत्राने काही सिद्ध होत नाही, कारण खरं कसं दिसतं हे आपल्याला माहीत नसतं. पहारेकऱ्याने कार्यालयाला फोन करायचा, तोही ओळखपत्रावरच्या नंबरावर नाही. गेटवर चिकटवलेल्या समितीच्या यादीतल्या नंबरावर. माणसाला तोवर बाहेर थांबवायचं. खरा कर्मचारी थांबतो, कुरकुरेल फार तर. एकट्या ज्येष्ठांकडे पहारेकरी किंवा शेजारी सोबत जाईल आणि काम संपेपर्यंत दारात उभा राहील, एवढं बांधून टाका. एकाच पहारेकऱ्याला गेट सोडता येत नाही, त्यामुळे मजल्यागणिक एक शेजारी आधीच ठरलेला हवा.

आता ती वही. गेटवर उघडी पडलेली, नाव, घर क्रमांक, मोबाइल नंबर रांगेने. पुढचा पाहुणा सही करता करता फोटो काढू शकतो. आधीच्या नोंदी झाकणारी सरकती पाटी लावा किंवा प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी द्या आणि चिठ्ठ्या पेटीत. ठरावीक दिवसांनी फाडून टाका, वर्षानुवर्षांच्या वह्या जपण्यात काही मिळत नाही. थकबाकीदारांची यादी फलकावर लावता का? त्यात नाव, घर आणि रक्कम तिन्ही असतात. 'तुमचे अमुक इतके बाकी आहेत, आजच भरा' या फोनला लागणारा सगळा माल तुम्हीच पुरवता. सभासदांची पीडीएफ यादी ग्रुपवर असेल तर काढा, आणि निघालेले अ‍ॅडमिन, घर सोडून गेलेले भाडेकरू ग्रुपमध्ये आहेत का तेही बघा. पार्सलच्या खोक्यांवरचे पत्ते कचऱ्यात टाकण्याआधी काळ्या मार्करने खोडा.

समितीचंही घर सांभाळा. लिफ्टवाल्याच्या किंवा रंगवाल्याच्या नावाने मेल येते, 'आमचं खातं बदललंय, यापुढे या खात्यात भरा.' मेल हुबेहूब, कारण त्याचाच मेलबॉक्स फुटलेला असतो. खातं बदललं म्हणून कोणी कळवलं की जुन्या करारावरच्या नंबरावर फोन, दोघांची सही, आणि आधी अगदी छोटी रक्कम पाठवून ती पोचल्याची तोंडी खात्री.

डोळा_उघडा

कॅमेरे वाढवू नका, आहेत ते नीट लावा. बहुतेक ठिकाणी ते छताला टांगलेले असतात आणि टोप्यांचे उत्तम फोटो काढतात. हिशोब असा: अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यावा म्हणून दृश्यातल्या एका मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात. १९२० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा म्हणजे जेमतेम साडेसात मीटर रुंदीचं दृश्य. त्याच कॅमेऱ्याने तीस मीटरचं आवार दाखवलं तर मीटरला ६४ पिक्सेल पडतात; 'कोणीतरी चाललंय' एवढंच कळतं. म्हणून सहापैकी दोन कॅमेरे फक्त येण्याजाण्याच्या अरुंद जागी लावा, दोन ते अडीच मीटर उंचीवर, उजेड पाठीमागून येणार नाही असे. महिन्यातून एकदा घड्याळ जुळवा आणि एक जुनी फीत खरोखर उघडून बघा. वेळ चाळीस मिनिटं पुढे आणि डिस्क कधीची भरलेली, हे चोरीच्या दिवशीच कळतं. फीत किती दिवस मागची मिळते तेही लिहून ठेवा.

उरलेले पैसे दारांवर घाला. कडीचा दांडा चौकटीत निदान २५ मिलिमीटर शिरावा, आणि चौकटीवरच्या पट्टीचे स्क्रू ७५ मिलिमीटरचे, म्हणजे चौकटीतून भिंतीपर्यंत पोचणारे. लाथेने कुलूप क्वचितच तुटतं, आखूड स्क्रू लाकडासकट उपटून येतात.

आणखी एक, ज्याकडे दुर्लक्ष होतं. ज्या घरात चोरी झाली त्याच घरात किंवा लगतच्या घरात लवकरच पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. चोराला वाट माहीत झालेली असते आणि नव्या वस्तू आलेल्या असतात. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वस्तीत १९८० च्या दशकात हाच धागा पकडला. सगळ्या वस्तीवर पहारा वाटण्याऐवजी चोरी झालेल्या घराभोवतीच्या सहाएक घरांना लक्ष ठेवायला सांगितलं, त्या घराची कुलपं सुधारली, आणि नाणी टाकून चालणारे मीटर काढले, कारण चोर त्यातली नाणी नेत. घरफोड्या झपाट्याने उतरल्या. तुमच्याकडेही तेच: चोरी झाली की पहिले काही आठवडे त्या घरावर आणि दोन्ही बाजूंच्या शेजारांवर भर द्या.

तिसरी_रिंग

ग्रुपवर 'फक्त अ‍ॅडमिन लिहितील' असं करावं का, हे राहिलंच. करा.

गेटवरची_वही

नुसतं तेवढंच केलंत तर कळवणाऱ्यांचीही तोंडं बंद होतील. सूचनांचा ग्रुप बंद ठेवा, पण कळवायला वेगळा नंबर द्या. त्या दोन नेमलेल्यांकडे. तिथून तपासून आठवड्याला जास्तीत जास्त एक सूचना, तीन ओळींची: काय झालं, त्यात ओळखायची खूण कोणती, काय करायचं. आणि एक पक्की बंदी: 'हा संशयित फिरतोय' म्हणून कोणाचाही फोटो ग्रुपवर नाही. अशा अफवांवरून निरपराध माणसांना जमावाने मारलेलं आहे. संशय आला तर वेळ, कपडे, गाडीचा नंबर, कोणत्या दिशेने गेला, हे लिहून थेट पोलिसांना. अडवायचं नाही, पाठलाग नाही.

तिसरी_रिंग

वेगळा नंबर पटला. माझं 'करा' घाईचं होतं.

रिकामी_पाकीट

छापण्याबद्दल शेवटचं. एकच कार्ड, टाइप मोठा, निदान १८ पॉइंट. काळ्या शाईत, चकचकीत कागद नको, दिव्याखाली वाचता येत नाही. बँकेच्या नंबराची जागा कोरी सोडा आणि घरी जाऊन, कार्डामागचा नंबर बघून, त्यांच्याच हाताने लिहवून घ्या. प्रत्येकाची बँक वेगळी असते. खाते क्रमांक आणि पिन त्यावर लिहू द्यायचा नाही, काही जण सोयीसाठी लिहितातच. फ्रिजवर नको, फोन चार्जिंगला जिथे लागतो तिथे चिकटवा. आणि १४० प्रती काढण्याआधी कार्डावरचा प्रत्येक छापील नंबर एकदा लावून बघा.